केनिया: वारा रात्री, मागणी संध्याकाळी

टॉवरखालचा | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, इथे नुसता वाचत असतो, लिहायचा कंटाळा. आज नैवाशाच्या गेस्ट हाउसात अडकलोय, उद्या आउटेज (लाईन बंद ठेवायची परवानगी) मिळाल्याशिवाय काम नाही, म्हणून धागा काढतोय.

मी मूळचा कऱ्हाडचा. रिले टेस्टिंग, प्रोटेक्शन (बिघाड झाला की लाईन आपोआप तोडणारी यंत्रणा) ही रोजीरोटी. चार वर्षं केनियात आहे. आमच्या कंपनीकडे सबस्टेशनची कामं असतात आणि मी टेस्ट किटची पेटी घेऊन या गावातून त्या गावात.

इथून तासाभरावर ओल्कारिया आहे. हेल्स गेट नावाच्या राष्ट्रीय उद्यानात जमिनीतून वाफ काढून वीज करतात. १९८१ मध्ये १५ मेगावॅटचा पहिला संच लागला, आज ९०० च्या वर गेलेत. देशाच्या विजेत सर्वांत मोठा वाटा याच वाफेचा. पाइपांचं जाळं डोंगरभर पसरलंय आणि जिराफ खालून जावेत म्हणून ते पाइप जागोजागी कमानीसारखे वर उचललेत. झेब्रे तर अगदी प्लँटच्या कुंपणाला लागून चरतात.

पहिल्यांदा रात्रपाळीला गेलो तेव्हा सायलेन्सरमधून वाफेचे लोट वर जाताना दिसले. वाटलं, काहीतरी ट्रिप झालं. बरोबरचा केनियन ऑपरेटर हसला. म्हणाला, नेहमीचंच आहे. रात्री वीज घ्यायला गिऱ्हाईक नसतं. विहिरीचं तोंड रोज रात्री बंद करून सकाळी उघडणं विहिरीला मानवत नाही, म्हणून वाफ सोडून देतात.

म्हणजे ज्या देशात अजून चारातल्या साधारण एका घरी वीज पोचलेली नाही, तिथे रात्री वीज उतू जाते! त्यात उत्तरेला तुर्काना सरोवराजवळ ३१० मेगावॅटचा पवनप्रकल्प. ३६५ पवनचक्क्या, प्रत्येकी ८५० किलोवॅट. इथिओपियाचा डोंगराळ भाग आणि पूर्व आफ्रिकेचं पठार यांच्या मधल्या खिंडीतून वारा घुसतो आणि त्याचा जोर रात्री नि पहाटे सर्वांत जास्त. देशाची मागणी मात्र संध्याकाळी सात ते नऊ. तेव्हा सव्वादोन हजार मेगावॅटच्या आसपास, पहाटे तीनला बाराशे-तेराशे.

आपल्याकडच्या वीजवाल्यांना विचारायचंय, याला तोड काय? आणि हो, कोळसा नाही म्हणून केनियाची वीज जवळजवळ ९० टक्के स्वच्छ आहे, याचं जगभर कौतुक होतं. ते खरंच आहे. पण आतून बघताना वेगळंच दिसतं.

---

मिरजमंजिरी | रविवार, सकाळी ७:०५

वाचतेय. जिराफाच्या कमानीचा फोटो टाका की! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

सबस्टेशनकाका | रविवार, सकाळी ८:३०

बाळा, छान लिहिलंयस. मी लोड डिस्पॅचला (कुठल्या केंद्राने कधी किती वीज द्यायची ते ठरवणारं ऑफिस) होतो, आता निवृत्त. तुझं पहाटे तीनचं दुखणं आमचंही होतं, फक्त आकडे मोठे. महाराष्ट्राची कमाल मागणी आता तीस हजारांच्या घरात गेलीये. तुझा अख्खा देश म्हणजे आमचा एक बऱ्यापैकी मोठा जिल्हा!

पण लहान ग्रिडला जो त्रास होतो तो मोठ्याला होत नाही, हे लक्षात घे. बाराशे मेगावॅटच्या रात्री तीनशे मेगावॅट एकाच पवनप्रकल्पातून, एकाच वाटेच्या तारेवरून येत असतील, तर चौथा हिस्सा एका दोरीवर लटकलाय. ती तार पडली की फ्रिक्वेन्सी, म्हणजे ग्रिडचा ताल, धाडकन खाली. आमच्याकडे तीनशे मेगावॅटचा संच पडला तर डिस्पॅचरचा चहासुद्धा सांडत नाही.

आम्हाला हात दिला कोयनेने. ती पाण्याची टर्बाइनं काही मिनिटांत शून्यावरून पूर्ण भारावर येतात. पश्चिमेला वळवायचं पाणी मात्र लवादाने बांधून दिलेलं, ६७.५ टीएमसी, म्हणून संध्याकाळच्या शिखरासाठी जपून वापरायचं. शिवाय घाटघरला २५० मेगावॅटचं उदंचन आहे, रात्री स्वस्त वीज घेऊन पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. तुमच्याकडे ताना नदीवर धरणांची माळ आहे ना? तिचा उपयोग कसा करतात?

---

टॉवरखालचा | रविवार, सकाळी ९:१५

काका, दंडवत. हो, मसिंगा, कंबुरू, गितारू, किंदारुमा, किआंबेरे, एकाखाली एक. संध्याकाळ त्यांच्यावरच निघते. पण पाऊस दगा देतो तेव्हा मसिंगाचा तळ दिसायला लागतो आणि मग डिझेलची जनित्रं. उदंचन अजून एकही नाही.

---

भाकरी_आधी | रविवार, सकाळी १०:५०

माझं मत कडू लागेल. युरोपने शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळला, आता आफ्रिकेला सांगतायत पवनचक्क्या लावा. गरीब देशाला स्वस्त आणि भरवशाची वीज हवी, स्वच्छ नंतर बघू. उगाच संशोधनाच्या नावाखाली परदेशी कन्सल्टंट पोसायचे. केनियाने सरळ एक कोळशाचा प्रकल्प टाकला असता तर ही भानगडच नसती.

---

टॉवरखालचा | रविवार, सकाळी ११:३०

भाऊ, टाकायला निघाले होते. लामूला, किनाऱ्यावर, १,०५० मेगावॅटचा. जून २०१९ मध्ये तिथल्या पर्यावरण न्यायाधिकरणाने परवाना रद्द केला. लोकांनी झाडांच्या प्रेमापोटी विरोध केला असं समजू नका. तिथे मासेमारीवर जगणारी माणसं आहेत, शिवाय लामूचं जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आणि गणित बघा. रात्री बाराशे मेगावॅटची गरज, त्यात हजार मेगावॅटचा कोळसा कुठे बसवणार? आधीच वाफ फेकून देतोय. कोळशाच्या संचालाही रात्री ‘आता झोप’ म्हणता येत नाही. ती भानगड दुप्पट झाली असती आणि वर कोळसा आयात करावा लागला असता.

युरोपबद्दल बोललात ते मला पटतं. फक्त त्याचा निष्कर्ष कोळसा असा निघत नाही.

---

आलेखा | रविवार, दुपारी १:१०

धागा आवडला. मी स्वीडनमध्ये ऊर्जा नियोजनाच्या मॉडेलवर काम करते, म्हणजे ‘भाकरी_आधी’ यांच्या भाषेत कन्सल्टंट पोसण्यातलाच प्रकार :)

ही जास्तीची वीज आली कुठून, तर कागदावरून. २०१३ मध्ये केनिया सरकारने ४० महिन्यांत ५,००० मेगावॅट वाढवायचा कार्यक्रम जाहीर केला. तेव्हा देशाची कमाल मागणी दीड हजारालाही पोचली नव्हती. मागणीचा अंदाज करताना विजेवरची रेल्वे, नवं तंत्रज्ञान शहर, पोलादाचे कारखाने असे सगळे मोठे प्रकल्प धरले होते. रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली, पण डिझेलवर. बाकीचं सावकाश.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. आमच्या क्षेत्रात ओस्मोसिस नावाचं मुक्त, फुकट मॉडेल आहे, त्यावर अनेक आफ्रिकी देशांचे आराखडे होतात. गणना झटपट व्हावी म्हणून वर्षाचे मोजके तुकडे करतात: पावसाळी दिवस, पावसाळी रात्र, कोरडा दिवस, कोरडी रात्र. आता ‘रात्र’ म्हणून संध्याकाळी सात ते पहाटे सहाची सरासरी काढली तर काय होईल? आठ वाजताची गर्दी आणि तीनची सामसूम एकत्र कालवली जाते. पडद्यावर सगळी वाफ, सगळा वारा व्यवस्थित खपतो. टॉवरखालचा यांनी पाहिलेले वाफेचे लोट त्या मॉडेलमध्ये कधी उडतच नाहीत.

म्हणून हल्ली तुकडे बारीक करण्यावर आणि ते मॉडेल नैरोबीतल्याच लोकांनी चालवावं यावर भर आहे. परदेशातून अहवाल आला आणि कपाटात गेला, हे खूप झालं. तेवढ्यापुरती भाऊंशी सहमत.

---

गुहागरकर | रविवार, दुपारी २:००

एकच प्रश्न. वीज घेतली नाही तरी पैसे द्यायचे, असा करार आहे का?

---

टॉवरखालचा | रविवार, दुपारी २:१०

आहे. वीज तयार असून घेतली नाही तर ‘तयार झाली असं मानून’ पैसे. पवनचक्क्या २०१७ मध्येच उभ्या राहिल्या, पण लोयांगलानी (प्रकल्पाजवळचं गाव) ते सुस्वा (नैरोबीकडचं मोठं सबस्टेशन) ही चारशे केव्हीची, चारशे किलोमीटरच्या वर लांबीची लाईन व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडला. आधीचा स्पॅनिश ठेकेदार आर्थिक अडचणीत गेला, मग चिनी कंपन्यांनी ती पुरी केली. तोवर ३६५ चक्क्या वाळवंटात उभ्या आणि नुकसानभरपाईचा मीटर चालू. दरही युरोमध्ये.

---

गुहागरकर | रविवार, दुपारी २:२५

मग ओळखीचंच आहे सगळं. आमच्या अंगणात एन्रॉन झालं हो! एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ ला सुरू, २००१ ला राज्य वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं. मधल्या काळात डॉलर वर, नाफ्था वर, युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे. या कराराची तपासणी करणाऱ्या गोडबोले समितीने २००१ मध्ये जे लिहिलं ते केनियाच्या मंत्र्यांना भाषांतर करून पाठवायला हवं होतं. पुण्याच्या प्रयास या अभ्यासगटाने तर कराराची चिरफाड सुरुवातीलाच केली होती, कुणी ऐकलं नाही.

---

आलेखा | रविवार, दुपारी ३:४०

गुहागरकर, साम्य आहेच, पण एका जागी तुटतं. दाभोळमध्ये इंधनच महाग होतं, वीज घेतली तरी तोटा, न घेतली तरी तोटा. तुर्कानात वाऱ्याला इंधनखर्च नाही, एकदा तार आली आणि गिऱ्हाईक आलं की तीच वीज डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त. तिथे खोट वेळापत्रकाची आहे.

आणि गंमत म्हणजे इशारा मिळाला होता. जागतिक बँक २०१२ मध्ये या प्रकल्पातून बाहेर पडली. तिची शंका हीच, की एवढी वीज केनियाला वेळेत पचणार नाही आणि करारामुळे वितरण कंपनी गाळात जाईल. मग आफ्रिकन विकास बँकेने पुढाकार घेतला. कोण चूक कोण बरोबर हे मी अजून ठरवू शकलेले नाही. प्रकल्प झाला नसता तर दुष्काळाच्या वर्षांत तेवढं डिझेल जळलंच असतं.

२०२१ मध्ये सरकारने कार्यदल नेमून सगळे करार तपासले आणि नवे करार गोठवले. त्याचा फटका बसला तो लहान सौर प्रकल्पांना, जे रांगेत होते.

---

भाकरी_आधी | रविवार, दुपारी ४:३०

ठीक, कोळशाचं मागे घेतो. पण मग ज्या घरात अजून तार नाही तिथे ही उरलेली वीज का जात नाही? तेवढं सांगा.

---

किसुमूची_सून | रविवार, संध्याकाळी ५:२०

मी सांगू? लग्न होऊन आले तेव्हापासून इथे, सासर गुजराती, तीन पिढ्या केनियात. आमच्या घराशेजारी एक मामा म्बोगा बसते, म्हणजे भाजीवाली. तिच्या घरी तार आलीय. पण स्टिमा (इथे विजेला हाच शब्द) प्रीपेड आहे. मोबाइलवरून पैसे भरायचे, वीस आकडी टोकन येतं, ते मीटरमध्ये दाबायचं. ती आठवड्याला जेमतेम काही युनिटं घेते. एक दिवा, फोन, कधीमधी रेडिओ. स्वयंपाक लाकडी कोळशाच्या शेगडीवर, जिकोवर. तिच्या बहिणीकडे खेड्यात तारच नाही, तिथे हप्त्यावर घेतलेलं सौर किट, रोजचे थोडे शिलिंग मोबाइलवरून कापले जातात.

म्हणजे तार घराघरात गेली तरी वीज खपत नाही, आणि जिथून खप नाही तिथे तार ओढणं कंपनीला परवडत नाही. पाहुणा येऊन जेवला नाही तर जशी पंचाईत होते तसं.

आता विजेच्या प्रेशर कुकरचा प्रचार चाललाय. बीन्स आणि मक्याचं गिथेरी शिजायला शेगडीवर तास न् तास लागतात, कुकरमध्ये फार थोड्या विजेत होतं. मी मामाला माझा जुना दिला. तिने पहिल्या दिवशी शिट्टी होत नाही म्हणून परत आणला! समजावल्यावर ठेवून घेतला.

---

सबस्टेशनकाका | रविवार, संध्याकाळी ६:००

सूनबाई, फार छान. फक्त गिथेरी शिजणार संध्याकाळी सातला. म्हणजे शिखर अजून वर. मला पहाटे तीनचं गिऱ्हाईक द्या.

---

टॉवरखालचा | रविवार, संध्याकाळी ६:४५

काका, बसेस. नैरोबीत २०२२ पासून विजेच्या बस धावतायत, रात्री डेपोत चार्ज होतात. बोडा-बोडा म्हणजे मोटारसायकलवरच्या टॅक्सीही विजेवर येतायत. नियामकाने २०२३ मध्ये वाहनांसाठी वेगळा दर काढला, एरवी युनिटला १६ शिलिंग, रात्री ८. त्याआधी डिसेंबर २०१७ पासून कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा निम्म्या दराची सवलत आहे. रात्रीचा खड्डा भरत चाललाय, पण मुंगीच्या पावलांनी.

---

शेतातला_फीडर | रविवार, रात्री ९:१०

जत तालुका. सगळं वाचलं. एक सांगतो, हसू नका.

तिकडं रात्री वीज उरती म्हणून फेकत्यात आणि आमी आख्खी हयात रातच्या विजंवर पाणी पाजलं. आठवडाभर दिवसा पाळी, आठवडाभर रात्री. बॅटरी घेऊन बांधावरनं, पायात साप का काटा कळायचं न्हाई. का, तर म्हणे रात्री बाकीच्यांची मागणी कमी असती. म्हंजे तुमचा तो खड्डा आमच्या पाठीवर भरला.

आता सौर फीडर झालाय. मोटार सकाळी साडेनऊला सुरू, दिवसाउजेडी पाणी. एवढ्या एका गोष्टीसाठी मी सौरच्या बाजूनं हाय, कार्बन-बिर्बन मला कळत न्हाई.

---

सबस्टेशनकाका | रविवार, रात्री ९:४०

फीडरराव, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. ते वेळापत्रक आम्हीच कागदावर आखायचो. आकडा जुळला की आमचं काम झालं, बांधावर कोण चालतंय हे त्या कागदावर नसायचं.

आता चित्र उलटं होतंय बघा. आपल्याकडे सौर वाढलं, दुपारी वीज भरपूर. म्हणून दराची सवलतसुद्धा रात्रीवरून दिवसावर सरकली. केनियाची उतू जाते पहाटे तीनला, आपली जाईल दुपारी एकला.

---

मिरजमंजिरी | रविवार, रात्री १०:००

अडाणी प्रश्न: मग शेजारच्या देशाला का विकत नाहीत?

---

टॉवरखालचा | रविवार, रात्री १०:५०

अजिबात अडाणी नाही. तारा झाल्यात, पण वाहतूक उलटी! इथिओपियातल्या वोलायता सोडोपासून सुस्वापर्यंत हजार किलोमीटरच्या वर लांबीची डीसी (एकदिश प्रवाहाची) लाईन आहे, ५०० केव्ही, दोन हजार मेगावॅट क्षमतेची. नोव्हेंबर २०२२ मध्ये केनियाने त्यावरून २०० मेगावॅट *घ्यायला* सुरुवात केली. इथिओपियाचं पाणी स्वस्त आहे.

काकांना चंद्रपूर–पडघे आठवेल, तसलंच. तीही ५०० केव्ही, साडेसातशे किलोमीटर, विदर्भातला कोळसा मुंबईच्या दारात.

---

सबस्टेशनकाका | रविवार, रात्री ११:०५

आठवतं म्हणजे काय! डीसीची मजा ही, की दोन्हीकडच्या ग्रिडला एका तालावर चालावं लागत नाही. इथिओपिया कोसळला तर केनियाला धक्का बसेल, पण मागोमाग ओढला जाणार नाही.

आम्ही ३० आणि ३१ जुलै २०१२ पाहिलंय. बिना–ग्वाल्हेर लाईन सुटली आणि पहिल्या दिवशी उत्तर, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही. साठ कोटींवर माणसं अंधारात. पश्चिम ग्रिड वेगळी झाली म्हणून आपण वाचलो. दक्षिण तर तेव्हा डीसीनेच जोडलेली होती. रायचूर–सोलापूर ७६५ केव्हीने ती आपल्या तालावर आली ३१ डिसेंबर २०१३ ला. त्या रात्री आम्ही नववर्ष वगैरे विसरून फ्रिक्वेन्सीच्या आलेखाकडे बघत बसलो होतो.

तुमच्याकडचा मोठा ब्लॅकआउट कुठला?

---

टॉवरखालचा | सोमवार, पहाटे १२:२०

२५ ऑगस्ट २०२३, शुक्रवारी रात्री. मी नैरोबीतच होतो. विमानतळसुद्धा अंधारात गेला. तुर्कानाच्या वाऱ्याचा पुरवठा सुटला हे नक्की. वाऱ्यामुळे ग्रिड पडली की ग्रिडवर व्होल्टेज वाढलं म्हणून वारा सुटला, यावर दोन बाजूंनी दोन निवेदनं आली.

प्रोटेक्शनवाला म्हणून एवढं सांगतो. लांबलचक लाईनवर भार कमी असला की दूरच्या टोकाला व्होल्टेज चढतं, तारच कपॅसिटरसारखी वागते. ते दाबायला रिअॅक्टर (व्होल्टेज खाली आणणारी मोठी कॉइलं) लागतात, आणि ते योग्य क्षणी आत-बाहेर व्हावे लागतात. लहान ग्रिड, लांब तार, हलका भार: तिन्ही एकत्र म्हणजे रिलेला डुलकी घ्यायची सोय नाही. मॉडेलमध्ये हा भाग सहसा नसतोच. आलेखा, चूक असेन तर सांगा.

---

आलेखा | सोमवार, सकाळी ९:३०

चूक नाही. आमच्या मॉडेलमध्ये तार म्हणजे एक रेघ असते, तिला व्होल्टेज नसतं. नियोजनाचं मॉडेल एकीकडे, लोड फ्लोचं (तारांमधला प्रवाह नि व्होल्टेज काढणारं) दुसरीकडे आणि दोन्ही वापरणारी माणसं एका खोलीत क्वचितच बसतात. तुमचा हा प्रतिसाद आमच्या गटात भाषांतर करून दाखवला तर चालेल?

---

शेतातला_फीडर | सोमवार, दुपारी १२:४५

त्या पवनचक्क्यांची जमीन कुणाची व्हती, ते कुणी सांगितलंच न्हाई.

---

टॉवरखालचा | सोमवार, दुपारी १:३०

गुराख्यांची. तुर्काना, सांबुरू, रेंडिले लोक तिथे उंट-शेळ्या चारतात. दीड लाख एकर भाडेपट्ट्याने दिली, प्रत्यक्ष चक्क्यांखाली त्यातली फारच थोडी. ऑक्टोबर २०२१ मध्ये मेरूच्या न्यायालयाने निकाल दिला की जमीन देण्याची प्रक्रियाच नियमाला धरून नव्हती. गुरं अजून चक्क्यांखाली चरतात, कुंपण नाही, पण कागदाचा प्रश्न राहिलाच. आणि लाईनला उशीर झाला त्यात ठेकेदाराइतकाच वाटा टॉवरखालच्या जमिनींच्या मोबदल्याचा होता.

---

शेतातला_फीडर | सोमवार, दुपारी २:०५

तेच म्हनलं. आमच्या रानात चारशे केव्हीचा एक टॉवर हाय. चार पाय, मधी पेरता येत न्हाई. मोबदला दोन टप्प्यात म्हनलं व्हतं, दुसरा टप्पा अजून वाटंत हाय. त्या उंटवाल्यास्नी मिळाला का?

---

टॉवरखालचा | सोमवार, रात्री ८:१५

विचारतो. बुधवारी सुस्वाला जायचंय, तिथला एक फोरमन मार्साबिटचाच, म्हणजे त्या पवनचक्क्यांच्या जिल्ह्यातलाच आहे.